झाकणरावांचा डबा आणि सासूबाईंचं नाक

कारखान्यात त्यांना सगळे झाकणराव म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच पडून होतं. ऐन उमेदीत त्यांनी साखरेच्या डब्याचं एक झाकण तयार केलं होतं. ते लागलं म्हणजे लागलं. मुंगीची काय बिशाद! एका घरात तर म्हणे अबोला धरून बसलेल्या नवराबायकोला त्या झाकणापायी पुन्हा बोलावं लागलं, कारण एकाने डबा पोटाशी धरल्याशिवाय दुसऱ्याला ते निघतच नसे. गोड चहा पाहिजे तर समेट करा, असा त्या झाकणाचा खाक्या. खरंखोटं तो डबा जाणे, पण झाकणराव हे नाव तेव्हा जे घट्ट बसलं ते बसलंच.

तेच त्यांना भोवलं. एक दिवस मालकांनी बोलावून घेतलं. मालकांचा कारखाना घरगुती प्लास्टिकचा. बादल्या, मग, टब, डबे, असा सगळा सरळ माल. पण मालकांच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं.

"झाकणराव, लोक कचऱ्याच्या डब्याजवळून जाताना तोंड फिरवतात. मला ते बघवत नाही."

"मालक, डबा आहे तो. त्याला वाईट वाटत नसतं."

"मला वाटतं ना! असा डबा काढा, की ज्याला वास येणार नाही आणि जो आपला आपण धुतला जाईल. माणसाने हात लावायचा नाही. एवढं एकदा पार पाडा, मग तुम्ही बादली विभागात. निवृत्त होईपर्यंत नुसत्या बादल्या."

बादली विभाग म्हणजे त्या कारखान्यातला स्वर्ग. बादलीकडून कुणाची कसली अपेक्षा नसते. तिने पाणी धरावं आणि गप्प बसावं. तिला झाकण नाही, मोटर नाही, नाव काढायची हौस नाही. त्या विभागातली माणसं दुपारी खिडकीशी उभी राहून सावकाश चहा पितात आणि वेळ झाली की घरी जातात. झाकणरावांनी 'बघतो' म्हटलं. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

पुढची वर्षं कशी गेली ते त्यांच्या खांद्यांना विचारा.

पहिला डबा आतल्या आत पाण्याचा फवारा मारून धुतला जाई. फवारा जरा जास्तच कडक झाला. कोबीचा दांडा सुटला तो थेट मालकांच्या कपाळावर, आणि मालक बरेच दिवस बैठकीला टोपी घालून बसले. पुढचा डबा गरम हवेने वाळायचा. त्यात साली अशा काही खरपूस भाजल्या जात, की ज्या घरी तो वापरायला दिला होता तिथे शेजारी ताटल्या घेऊन दारात उभे राहिले. मग अत्तराची कुपी बसवून पाहिली. माश्या पूर्वी यायच्या तेवढ्याच आल्या, फक्त नटूनथटून आल्या. आणि एक डबा तर असा चकचकीत राहू लागला, की त्या घरच्या बाईने त्यात पीठ भरून ठेवलं आणि कचरा टाकला कोपऱ्यात जमिनीवर. तिला समजावायला झाकणराव स्वतः गेले होते.

"एवढ्या चांगल्या डब्यात घाण टाकायची?" बाई म्हणाली. "तुम्हाला काही वाटतं का?"

झाकणराव तिच्या जिन्यात पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

पण हे सगळं परवडलं. खरी मेख वेगळीच होती. वास येत नाही, हे ठरवायचं कुणी? कारखान्यातली नाकं कामाची नव्हती. जन्मभर वितळलेल्या प्लास्टिकच्या वाफेत उभं राहून ती चेहऱ्यावर शोभेपुरती उरली होती. झाकणरावांचं तर कधीच गेलं होतं. त्यांना गुलाब आणि रॉकेल सारखंच. वास मोजायचं एक यंत्र मालकांनी आणलं. ते पहिल्याच डब्यावर धरलं तर त्याचा काटा गरकन असा फिरला, की पुन्हा जागेवर आला नाही. यंत्र परत गेलं. मग कुणीतरी म्हणालं, "झाकणराव, तुमच्या सासूबाई आहेत ना घरी?"

झाकणरावांच्या सासूबाई म्हणजे नाकाचा चमत्कार. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत. दारात उभ्या राहून सांगत, की आतला चहा दुसऱ्यांदा उकळलाय. पाहुणा तळमजल्यावर असतानाच वरून ओरडत, "मोजे काढून या!" बंद पाकीट नाकाशी धरून सांगत, की लिहिणारा लिहिताना रडला होता. एकदा घरात चोर शिरला, तर या झोपेतच कूस बदलत म्हणाल्या, "कोण रे तो कच्चा कांदा खाऊन आलाय? तोंड धू आधी." चोर तोंड धुऊन, नळ नीट बंद करून निघून गेला. या गोष्टी सगळी गल्ली सांगायची, आणि सांगताना त्यात भर घालायला कुणी कुणाची वाट बघत नसे.

तेव्हापासून चाचणीच्या सकाळी कारखान्याची गाडी सासूबाईंना न्यायला येऊ लागली. त्या ठेवणीतले कपडे घालून, चष्मा पुसून, गाडीच्या आधीच फाटकाशी उभ्या. चाचणीचे कायदे कडक. त्या दिवशी कुणी केसांना तेल लावायचं नाही, साबणाने अंघोळ करायची नाही, शिंक आली तर पळत बाहेर जायचं. पांढऱ्या फरशीच्या खोलीत मधोमध डबा. त्यात माशांची डोकी, अंड्यांची टरफलं, भाज्यांची देठं, असा चांगला मुरवलेला ऐवज. बाकी सगळे भिंतीला पाठ लावून उभे, मालकसुद्धा. सासूबाई आत येत, डब्याभोवती एक फेरी मारत, डोळे मिटत, आणि एकच शब्द बोलत.

"येतोय."

मग मालक सुस्कारा टाकत आणि झाकणराव डबा उचलून आपल्या टेबलाकडे चालू लागत. पुन्हा खोला, पुन्हा बसवा. नवं रबर, नवी जाळी, नवा पंप. पुन्हा गाडी, पुन्हा फेरी, पुन्हा तोच शब्द. वर्षानुवर्षं. घरी ज्या बाईंच्या हातचा सकाळचा चहा प्यायचा, त्यांच्याच तोंडून दुपारी नापास व्हायचं, आणि संध्याकाळी त्यांनीच विचारायचं, "जावईबापू, आज गप्प का?" झाकणराव म्हणायचे, "काही नाही, आई. जरा दमलोय." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की कुणी रस्त्यात वेळ विचारली तरी तेच बाहेर पडे.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. डबा नवा होता. आत एक गोल ब्रश बसवला होता; पिशवी काढली की तो गरगर फिरून डबा घासायचा, पंप पाणी मारायचा आणि झाकणातला कोळसा वास धरून ठेवायचा. सासूबाईंनी फेरी मारली. डोळे मिटले. मग उघडले आणि जावयाकडे पाहिलं. झाकणराव भिंतीला पाठ लावून नव्हे, भिंतीवर भार टाकून उभे होते.

"नाही येत," सासूबाई म्हणाल्या.

खोलीत कुणाला कळेचना काय झालं ते. मालकांनी कानात बोट घालून हलवलं. "काय म्हणालात, आजी?"

"नाही येत म्हटलं. स्वच्छ आहे."

मग जो गलका झाला! मालकांनी झाकणरावांना मिठी मारली आणि मिठीतच आरोळी दिली, "खोक्यावर आजींचा फोटो! हसरा! खाली मोठ्या अक्षरांत, 'आजींनी हुंगून पाहिलाय!' सोमवारी फोटोवाला येईल. आणि झाकणराव, सोमवारीच तुमचं टेबल बादल्यांकडे. खिडकीजवळ!"

झाकणराव "बरं" म्हणाले. आनंद व्हायलाही अंगात जोर लागतो. तो कुठे शिल्लक आहे का, ते बघत ते घरी आले. पास झालेला डबा मालकांनी कौतुकाने बरोबर दिला होता. तो स्वयंपाकघरात ठेवला आणि घरचा कचरा त्यात पडू लागला.

रविवारी सकाळी झाकणराव स्वयंपाकघराच्या टेबलाशी नुसते बसले होते. शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. बायको खालच्या दुकानात गेली होती. दोघांच्या पाठीमागे शेगडीवर पाणी तापत होतं.

"बादल्यांचं काय करणार हो तुम्ही तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. तीच तर गंमत आहे, आई."

"कडी तरी बसवाल?"

"कडी आधीच बसवलेली असते."

"मग?"

"मग ती नीट बसलीय का ते बघायचं. बसलेली असते."

सासूबाई हसल्या. एक दाणा उडून टेबलाखाली गेला. झाकणराव तो उचलायला वाकले, आणि वाकलेले असतानाच जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दार आपटून बायको आत आली. हातातली पिशवी तिने जमिनीवर फेकली आणि शेगडीकडे झेप घेतली.

"अहो, जळतंय! अहो!"

भांडी धरायचं फडकं ज्योतीला लागून धुमसत होतं. अर्ध्याचा कोळसा झाला होता. धूर छताला टेकला होता. बायकोने चिमट्याने ते उचलून नळाखाली धरलं. चर्रर्र झालं. तिने वळून दोघांकडे पाहिलं.

"खाली दुकानात वास आला मला! दुकानदाराच्या आधी! आणि तुम्ही दोघं इथे मांडीला मांडी लावून मटार सोलताय?"

"मला नाक नाही, तुला ठाऊक आहे," झाकणराव टेबलाखालून म्हणाले.

"तुमचं सोडा. तुमच्या नाकाच्या आशेवर मी संसार केलाच नाही. पण आई, तू?"

"मी मटारात होते," सासूबाई म्हणाल्या.

"तुला फडकं जळायच्या आधी, ते जळायचा विचार करतंय त्याचा वास यायचा!"

"अगं, मला वाटलं, जावईबापूंचा काही प्रयोग चाललाय."

बायको काहीतरी पुटपुटत ओलं फडकं टाकायला आणि खिडक्या उघडायला गॅलरीत गेली. झाकणराव हळूच उठून खुर्चीत बसले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मटाराच्या शेंगेकडे पाहिलं. शेंग रिकामी होती, तरी त्या ती सोलत होत्या.

"आई," झाकणराव म्हणाले. "कधीपासून?"

सासूबाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तो पिठाचा डबा होता ना..."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्या आधीपासून. मोठी सर्दी झाली होती बघा मला. ती गेली आणि जाताना सगळंच घेऊन गेली. आधी वाटलं, येईल परत. मग रोज सकाळी उठून उशीचा वास घ्यायची. काही नाही. कापूस."

"म्हणजे त्या डब्याला तुम्ही येतोय म्हणालात..."

"म्हणाले."

"येत होता?"

"मला काय माहीत, जावईबापू?"

झाकणरावांना वाटलं, आता आपल्याला राग येईल. त्यांनी त्याची वाटही पाहिली. वर्षंच्या वर्षं डोळ्यांसमोरून गेली. रबरं, जाळ्या, पंप, टेबलावर वाकलेली आपलीच मान. त्यातला एखादा डबा खरंच निर्मळ असेल. पहिल्याच खेपेचाही असेल. पण राग काही वरपर्यंत पोचला नाही. वाटेतच कुठेतरी बसून राहिला असावा, दम खात.

"येतोयच का म्हणायचात पण?"

"आणि नाही म्हटलं असतं आणि आला असता तर? लोकांच्या घरी गेला असता घाणेरडा डबा. येतोय म्हटलं की तुम्ही अजून थोडं बघायचात. बघितल्याने काही बिघडत नाही, असं वाटायचं मला." त्या थांबल्या. "आणि गाडी यायची. फाटकाशी. गल्लीतले लोक बघायचे. या वयात कुणाला कोण गाडी पाठवतं?"

"मग शुक्रवारी नाही का म्हणालात?"

"तुमच्याकडे बघवेना. जिना चढताना मधेच थांबता हल्ली. कठड्यावर डोकं टेकता. मी वरून बघते. म्हटलं पुरे झालं. वास येवो नाहीतर न येवो, जावयाला बादल्यांकडे जाऊ दे." त्यांचा आवाज खाली गेला. "फोटोचं काढतील असं कुठे ठाऊक होतं मला? लोकांच्या घरात डबा घाण मारायला लागला की समोर खोक्यावर माझं तोंड. हसरं."

गॅलरीच्या दारातून बायको आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. त्या घराच्या भिंती काही आवाज अडवणाऱ्या नव्हत्या. आईच्या पुढ्यातली रिकामी टरफलं तिने उचलली, डब्याकडे गेली आणि झाकण उघडलं. मग वाकली.

"येतोय," ती म्हणाली.

"काय?" दोघं एकदम म्हणाले.

"वास. थोडासाच. ओलं पायपुसणं दुमडून ठेवल्यासारखा. कोळशाचा नाही, बुडाचाही नाही." ती आणखी वाकली, डोकं जवळजवळ डब्यात गेलं. आतून तिचा आवाज घुमला. "हा ब्रश आहे ना तुमचा, घासणारा? त्याला येतोय."

झाकणराव उठून डब्यापाशी गेले. ब्रश बाहेर काढून हातात धरला. केसांच्या मुळाशी काळपट, बुळबुळीत काहीतरी बसलं होतं. डबा ब्रशने घासला जायचा. ब्रशला कोण घासणार, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. आता त्या ब्रशला धुवायला आणखी एक ब्रश, आणि त्याला धुवायला... झाकणरावांनी डोळे मिटले.

"शुक्रवारपासून येतोय हा," बायको म्हणाली. "मला वाटलं, तुम्हालाच येतोय. इतकी वर्षं तुम्ही घरी आलात की असंच काहीतरी येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? या घरात नाक म्हणजे आईचं. माझं आपलं सर्दीपुरतं." हे ती हसून म्हणाली, पण पूर्ण हसून नाही.

सासूबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "उद्या मी मालकांना सांगते. सरळ सांगते, माझं नाक गेलंय, डबा वास मारतोय, फोटोवाल्याला परत पाठवा."

"मग ते म्हणतील, इतकी वर्षं म्हातारीने फसवलं," झाकणराव म्हणाले.

"खरंच आहे ते."

"सगळा कारखाना म्हणेल. नंतर गल्ली म्हणेल."

"म्हणू दे."

पण 'म्हणू दे' म्हणताना त्यांचा हात टेबलावरून निसटला, आणि त्यांनी तो पटकन मटारांत घातला.

झाकणराव ब्रशकडे पाहत उभे राहिले. "काही सांगू नका," ते शेवटी म्हणाले. "उद्या फोटोच्या आधी आणखी एक फेरी मारा. आणि ब्रशकडे बोट दाखवा. बस."

"आणि तुमचं टेबल?"

झाकणराव डब्याकडे वळले. ब्रश पुन्हा डब्यात बसवला, झाकण लावलं, आणि हात धुवायला गेले. साबण लावून लावून हात धुतले. हाताला वास राहिला की गेला, हे त्यांना कळणार नव्हतंच.

सोमवारी गाडी आली. झाकणराव डबा मांडीवर घेऊन पुढे बसले, सासूबाई मागे. गल्लीतल्या दोघीतिघी फाटकाशी जमल्या होत्या. "फोटो नीट येऊ द्या हं, आजी!" एकीने हाक दिली. सासूबाईंनी मान डोलावली. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या पुढे झुकल्या.

"अजून वेळ आहे, जावईबापू. मी हसते आणि गप्प बसते. खोक्यावरच्या तोंडाला काय, चार दिवस शिव्या खाईल. माझी आता किती वर्षं राहिली? तुमचं मात्र होऊन जाईल."

झाकणराव खिडकीबाहेर बघत राहिले. एका दुकानाबाहेर बादल्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. निळ्या. नुसत्या उभ्या.

चाचणीच्या खोलीत मालकांनी डब्याभोवती रंगीत फीत बांधायला घेतली होती. फोटोवाला एका गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावून तयार. भिंतीशी सगळा कारखाना. बादली विभागाचा मुकादम तर झाकणरावांसाठी खिडकीजवळची खुर्ची पुसूनच आला होता. "या हो या," तो कानाशी म्हणाला. "आमच्याकडे काही काम नसतं. सवय व्हायला जरा जड जाईल तेवढंच."

"आजी, डब्यावर हात ठेवा," फोटोवाला म्हणाला. "आणि हसा. हात कसा, पोटच्या पोरावर ठेवल्यासारखा."

सासूबाईंनी हात ठेवला. पण हसल्या नाहीत. मान वळवून त्यांनी भिंतीकडे, जावयाकडे पाहिलं.

त्या दोघांपलीकडे खोलीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. एवढंच करायचं होतं, की काही करायचं नाही. कॅमेरा खट्ट वाजला असता आणि दुपारचा चहा खिडकीशी झाला असता. झाकणरावांच्या पायांना ते कळत होतं, पाठीला कळत होतं. त्यांची पाठ तर जवळजवळ बोललीच. सासूबाई वाट बघत होत्या. चष्म्याआडचे डोळे ओले होते की काचेवर उजेड पडला होता, इतक्या लांबून सांगता येईना.

झाकणरावांनी नाही म्हणून मान हलवली. जराशीच.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

फोटोवाला थांबला. मालकांच्या हातात फितीचं टोक तसंच राहिलं. सासूबाईंनी डब्याभोवती एक फेरी मारली, मग उगाच आणखी एक. डोळे मिटले. नाकपुड्या अशा फुलवल्या, की भिंतीशी उभ्या असलेल्यांनी आपला श्वास रोखून धरला, न जाणो त्यांच्या वाट्याची हवा कमी पडेल. आणि मग त्यांनी ताडकन बोट रोखलं.

"येतोय. शुक्रवारी नव्हता, आता येतोय. तो आतला ब्रश. ओल्या पायपुसण्यासारखा."

मालकांनी ब्रश उपसून पाहिला. मुळाशी काळं. त्यांनी तो मुकादमाला दाखवला, मुकादमाने फोटोवाल्याला. फोटोवाल्याचं नाक प्लास्टिकच्या कारखान्यातलं नव्हतं. तो हुंगून तोंड फिरवून म्हणाला, "बाप रे! खरंच की!"

"बंद झाकणातून!" मालक ओरडले. "फीत बांधलेली असताना! अहो, हे नाक आहे का काय आहे? आज हा डबा बाजारात गेला असता तर माझं तोंड काळं झालं असतं!" त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. भिंतीशी टाळ्या वाजल्या. त्या दिवशी दुपारपर्यंत गोष्ट अशी झाली, की आजींना गाडीत बसल्याबसल्याच वास आला होता. संध्याकाळी गल्लीत ती अशी पोचली, की ब्रश ज्या कारखान्यात बनला तिथला माणूस हात न धुता जेवला होता, हेही त्यांनी सांगितलं.

"झाकणराव," मालकांनी पाठीवर हात ठेवला, "मनाला लावून घेऊ नका. आणखी थोडं. बादल्या कुठे पळून जात नाहीत."

"नाही जात," झाकणराव म्हणाले.

खोली रिकामी झाली. मुकादम जाताना उगाच एकदा त्यांच्या खांद्यावर थोपटून गेला. झाकणरावांनी डबा उचलला, जुन्या टेबलावर नेऊन ठेवला, फीत सोडली आणि पेचकस शोधू लागले. गाडीचा भोंगा वाजला. सासूबाईंना परत न्यायला ती उभी होती. थोड्या वेळाने भोंगा थांबला आणि गाडी रिकामीच निघून गेल्याचा आवाज आला. सासूबाई एक खुर्ची ओढत टेबलाशी येऊन बसल्या.

"मी काय करू?"

"घरी जा, आई. दमला असाल."

"दमलेय. पण घरी जाऊन काय करू?" त्या ब्रशकडे बघत होत्या. "लेकीला सांगू या ना, संध्याकाळी हुंगून द्यायला. रोज. मी येईन आपली सकाळी, आणि ती म्हणेल तेच म्हणेन."

"ती ऐकवेल आपल्याला."

"ऐकवू दे. इतकी वर्षं विचारलं नाही, ऐकून घ्यायला हवंच." मग जरा वेळाने त्या म्हणाल्या, "जावईबापू, हा ब्रश काढूनच टाकला तर?"

"मग डबा धुणार कोण?"

"घरातलं कुणीतरी. आजवर कोण धुवत होतं?"

झाकणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे मालकांना तुम्ही सांगणार असाल तर सांगा."

"आज नको," सासूबाई म्हणाल्या. "आज एक पुरे झालं."

त्यांनी तळहात पुढे केला. झाकणरावांनी डब्याच्या बुडाचा पहिला स्क्रू काढला आणि हरवू नये म्हणून त्यांच्या हातावर ठेवला. मग चष्मा कपाळावर चढवून ते दुसऱ्याकडे वळले.